तिसरा हुकूम

मुळे सरांच्या तासाला वर्गात कुणी ना कुणी कान धरून, भिंतीकडं तोंड करून किंवा एका पायावर उभं असायचंच. ही शिक्षा सर देत नसत. आमच्यातलंच कुणीतरी ती इंग्रजीत सांगायचं आणि दुसरं कुणीतरी मुकाट्यानं भोगायचं. सर औरंगाबादला कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि इंग्रजी पाठ करायची नसते, करून दाखवायची असते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फळ्यावर ते तीन रकाने आखायचे. पहिल्यात सांगणारा, दुसऱ्यात ज्याला सांगायचं तो, तिसऱ्यात त्यानं काय करायचं ते. 'आय वाँट भानुदास टू ओपन द डोअर,' असं एकानं उठून म्हणायचं. भानुदासनं जाऊन दार उघडायचं, जागेवर परत येऊन 'ही वाँटेड मी टू ओपन द डोअर' म्हणायचं आणि बसायचं. दोघांना एकेक गुण. सांगितलेलं केलं नाही तर ते समजलं नाही असं धरायचं, हा सरांचा नियम. समजलं पण केलं नाही, असंही माणसाचं होऊ शकतं, याला त्यांच्या तीन रकान्यांत जागाच नव्हती.

वाँट झालं, आस्क झालं, टेल झालं, की 'मेक' यायचा आणि सर एकदम खुलायचे. "मेकच्या पुढं टू लावायचा नाही," ते खडू आपटत सांगायचे. "मेक म्हणजे समोरच्याला करायलाच लावणं. तिथं मधे थांबायला जागा कशाला पाहिजे?" आम्ही मान डोलवायचो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाला छडी मारल्याचं मला आठवत नाही. पण 'वाक्य बरोबर, तर हुकूम बरोबर' असं त्यांनी एकदा बोलून टाकलं आणि पोरांना तेवढंच पाहिजे होतं. सोसायटीच्या चेअरमनच्या पुतण्यानं भानुदासला उन्हात उभं राहायला सांगितलं. भानुदासच्या पायात चपला नसायच्या आणि शाळेपुढचं पटांगण म्हणजे नुसता काळा खडक. तास संपेपर्यंत पोरगं एकदा हा पाय, एकदा तो पाय असं नाचत राहिलं. सर म्हणाले, वाक्य छान झालं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी तर सगळ्यांत जास्त हसले, कारण आपल्यावर पाळी आली नाही याचा आनंद फार मोठा असतो आणि त्या वयात तो लपवताही येत नाही.

पुढं मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका झाले आणि निवृत्तीपर्यंत हा धडा शिकवला. मी मुलांना वाक्यं वहीत लिहायला लावायची, एकमेकांना हुकूम कधी द्यायला लावले नाहीत. नव्यानं आलेले मास्तर मागून म्हणायचे, बाईंची पद्धत फार जुनी आहे, वर्ग कसा मेल्यासारखा असतो. म्हणू देत बापडे. त्यांना काय सांगणार होते मी?

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्याकडं, शिरूर कासारच्या त्या पट्ट्यात, बरं वर्ष म्हणजे तरी काय, तर कमी दुष्काळाचं वर्ष. पण त्या साली पेरलेलं उगवलंही नाही. माय आणि बाप सकाळी उठून खडी फोडायला जायचे. गावाच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम निघालं होतं. दिवस उजाडला की टाक टाक टाक असा आवाज सुरू व्हायचा आणि दुपारच्या सुट्टीपुरता थांबायचा. तो थांबला की कान एकदम मोकळे वाटायचे. खायला रेशनची लाल मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. सोबत तरवट्याचा पाला शिजवलेला, नाहीतर मिरची रगडून. कामावर वाटलेली सुकडी बाप फडक्यात बांधून घरी आणायचा आणि मोठी माय ती डब्यात ठेवून डब्यावर बसायची, असं आम्ही म्हणायचो. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. थोरला काका गेल्यापासून घर तिच्या शब्दावर चालायचं. तिचं बोलणं मिठात बुडवलेल्या फोकासारखं होतं. माझ्याकडं बघून ती म्हणायची, "वाढतीया नुसती. मिलो खाऊन बी वाढतीया." माय खाली मान घालून काम करत राहायची.

दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला वरच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम विचारत नाही. म्हणून दसऱ्याच्या आधी आमच्या भागात लग्नांची घाई उडते. त्या वर्षी मोठ्या मायनं माझ्यासाठी एक अर्धा कोयता बघून ठेवला होता. शिरूरच्या पलीकडचा मुलगा होता, पंचविशीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं. "डोळ्यानं ऊस तोडायचा हाय का?" मोठी माय म्हणाली, "हातपाय बळकट हाईत." मी नववीत होते. आमच्या गावात शाळा नववीपर्यंतच, त्यामुळं माझं शिक्षण पुरं झालं असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. मायच्या हाताला मोळ्या उचलून पडलेले घट्टे मी लहानपणापासून बघत होते. पाचटानं कापलेली तिची बोटं भाकरीच्या पिठात गेली की ती ओठ घट्ट दाबून घ्यायची. मला ते हात नको होते. दुसरं काहीही चाललं असतं, पण ते हात नको होते.

वर्गात आम्ही दोनच मुली उरलो होतो, मी आणि सुजाता. सुजाता बौद्धवाड्यातली. आमचं मोठं माणूस त्या वाड्याला जुन्याच नावानं हाक मारायचं, ते नाव मी इथं लिहीत नाही. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एका पुस्तकातून वाचायचो. शाळा सुटून वेशीशी आलो की मी चार हात पुढं व्हायची आणि ती आपण होऊन मागं राहायची. आम्ही यावर कधी बोललो नाही. तिला पाणी प्यायचं असलं की माठातून मी घ्यायची आणि तिच्या ओंजळीत वरून ओतायची, आणि ओतताना मला आपण फार प्रेमळ आहोत असं वाटायचं. इंग्रजीत ती माझ्यापेक्षा पुढं होती. थोडी नाही, चांगलीच पुढं होती. मला वाक्य जुळवावं लागायचं, तिच्या तोंडातून ते निघायचं. सरांचं एखादं वाक्य चुकलं तर तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडायची, पण ती बोलायची नाही.

श्रावणात आमचा एक बैल मेला. चारा नव्हताच, शेवटी शेवटी तो छपराचं पाचट ओढून खात होता. मोठ्या मायनं मला सुजाताच्या आबाकडं, म्हणजे तिच्या वडलांकडं, पिटाळलं. आबा दारात बसून चपलेला टाका घालत होता. मी लांबूनच म्हणाले, "मोठ्या मायनं बोलावलंय. आमचा बैल मेलाय. वढून न्यायला या म्हनली." त्यानं सुई खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाला, "लेकी, बैल गेला, लई वाईट झालं. बापाला सांग, दोर कमी पडला तर माझा न्या. पर वढायला आमी येनार न्हाई. ते काम आमी सोडलंय." मी परत येऊन सांगितलं तशी मोठ्या मायच्या अंगाचा तिळपापड झाला. "सोडलंय म्हनं! मग काय आमी वढायचा?" दोन दिवस बैल गोठ्यापुढं पडून होता. गावातलं कुणी हात लावेना. तिसऱ्या दिवशी बापानं आणि चुलतभावांनी नाकाला फडकी बांधून तो ओढत नेला. नंतर आठ दिवस बौद्धवाड्यातल्या बायकांना टँकरच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभं केलं गेलं. त्यांच्या घागरींपर्यंत यायच्या आत पाणी संपायचं. कुणी कुणाला तसं करायला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं.

शाळेत मी सुजाताला जरा तोऱ्यातच विचारलं, "तुझा आबा कावून आला न्हाई गं?" तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "आबानं मला दोन गोष्टी सांगितल्यात," ती म्हणाली. "शाळा सोडायची न्हाई. आन कुनी हुकूम केला म्हनून झाडू हातात धरायचा न्हाई." मी हसले. म्हटलं, "मग तुमच्या घरात केर कोन काडतंय?" "म्याच काडते की. शाळंत पाळी आली तरी काडते. पाळी सगळ्यांची आसती. पर कुनी बोट दावून 'तू झाड' म्हनलं, तर मरंन पर झाडनार न्हाई." शाळेतली ती पाळीसुद्धा तिच्या आबानं हेडमास्तरांशी भांडून लावून घेतली होती. त्याआधी वर्ग झाडायचं काम तिच्या वाड्यातल्या पोरांनाच असायचं. हे सगळं तिनं मला मैत्रीण म्हणून सांगितलं. शिरूरच्या मुलाचं मी मात्र तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हळहळली असती, आणि तिनं माझ्यासाठी हळहळावं हे मला कमीपणाचं वाटत होतं. आमच्या घरी तेव्हा खायला काही नव्हतं, पण हा ताठा शाबूत होता.

भाद्रपदात बातमी आली. एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टनं दुष्काळातल्या मुलींसाठी बीडला वसतिगृह काढलं होतं. राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट, थेट मॅट्रिकपर्यंत. आमच्या शाळेला एक जागा. आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन त्या ट्रस्टवर होते, आणि गावातलं दुष्काळी कामाचं मस्टरही त्यांच्याच माणसाच्या हातात होतं. त्यांनी निरोप धाडला की मुलगी हुशारीवरच निवडायची, नात्यागोत्यावर नाही. बाप म्हणाला, "मिळालं तर जाऊ दे तिला." मोठी माय म्हणाली, "मिळालं तर ना! न्हाई मिळालं तर पंचमीला टिळा." म्हणजे नवरात्रातल्या पंचमीला. माझा जीव टांगणीला लागला. लेखी परीक्षा झाली. सुजाताला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले. आता तोंडी राहिली होती, दहा गुणांची, आणि ती मुळे सर त्यांच्याच पद्धतीनं घेणार होते. दोघींनी एकमेकींना तीन तीन वाक्यं सांगायची, दुसरीनं ती करून दाखवायची; एक जरी करून दाखवलं नाही तर तिचे तीन गुण जायचे. बीडहून वसतिगृहाच्या रेक्टर बाई येणार होत्या. त्यांना आपली पद्धत दाखवायची म्हणून सर दोन दिवस आधीपासून हवेत होते.

मला तीन वाक्यं बिनचूक म्हणता येत होती. तिलाही येत होती. म्हणजे दोघींना सारखे गुण, आणि ती दोन गुणांनी पुढं. त्या दिवशी सकाळी मोठ्या मायनं मला कमरेत गुद्दा घालून उठवलं आणि अंगण झाडायला लावलं. झाडता झाडता मला ते सुचलं. अचानक सुचलं आणि हात थांबला. मला भीती वाटायला पाहिजे होती, लाज वाटायला पाहिजे होती. मला खरं सांगायचं तर भूक लागली. कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली आणि मी उभ्या उभ्या दीड भाकरी खाल्ली. मोठी माय डोळे मोठे करून बघत राहिली. झाडण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी मनात म्हणून बघितलं, झाडूला काय म्हणतात तेही म्हणून बघितलं. शब्द पक्के होते. सुजातालाही पक्के होते. मागच्याच महिन्यात झाडूचा शब्द साऱ्या वर्गाला तिनंच सांगितला होता.

परीक्षा आमच्याच वर्गात झाली. पुढं तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधे चेअरमनसाहेब, पांढरेशुभ्र कपडे, बोटात दोन अंगठ्या. एका बाजूला रेक्टर बाई, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर. बाकीची पोरं दारात आणि खिडक्यांत लोंबकळत होती. सरांनी आधी सुजाताला सांगायला लावलं. माझी पाचावर धारण बसलेली, ओठ सुकले होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आय वाँट मंगल टू ड्रिंक सम वॉटर." मी माठाकडं गेले, गटागटा पाणी प्याले, परत येऊन वाक्य म्हणाले. दुसरं वाक्य, "आय आस्क मंगल टू कम निअर द विंडो." खिडकीशी वारा होता. तिसऱ्या वाक्यात तिनं मला बसायला सांगितलं. तिन्ही वाक्यं माझ्यासाठीच होती, तिच्या मैत्रिणीसाठी. मला घाम फुटलेला तिला दिसला होता. हे मला तिथं, त्या क्षणी, पुरतं कळलं होतं. उगाच नंतर कळलं असं मी लिहिणार नाही.

मग माझी पाळी. पहिल्या वाक्यात मी तिला फळा पुसायला सांगितलं. तिनं पुसला. दुसऱ्यात खडू सरांना द्यायला सांगितला. तिनं दिला. रेक्टर बाई कौतुकानं मान हलवत होत्या. झाडू दाराच्या मागं कोपऱ्यात उभा होता. मी उजवा हात लांब केला, बोट सुजाताकडं केलं आणि मोठ्यानं, शब्द शब्द तोडून म्हणाले, "आय वाँट सुजाता टू टेक द ब्रूम अँड स्वीप द फ्लोअर." बोट दाखवायची गरज नव्हती. सरांच्या पद्धतीत बोट नव्हतंच. ते मी आपल्या पदरचं घातलं.

सुजाता जागची हलली नाही. सर म्हणाले, "येस, सुजाता?" ती तशीच उभी. वरच्या अंगाच्या खडीचा आवाज तेवढा येत होता. सरांनी मला वाक्य परत म्हणायला सांगितलं, ते मी परत म्हटलं, पहिल्यापेक्षा स्पष्ट. रेक्टर बाई हळूच म्हणाल्या, "शब्द माहीत नसावा." चेअरमनसाहेब मांडीवर थाप मारून हसले. "आगं, झाडू! झाडू कळंना व्हय तुला? तुमच्यातल्यांना झाडू कळंना, मंजी कमालच झाली की राव!" खिडक्यांतली पोरं फिसकन हसली. हेडमास्तर हसले. रेक्टर बाईंनी पदर तोंडाला लावला. मी ओठ दाबून धरले होते. मला हसू येत नव्हतं, मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये एवढीच मला फिकीर होती. सर उठून तिच्याजवळ गेले. "सुजाता, समजलं का तुला वाक्य? नीट सांग." तिनं चेअरमनकडं बघितलं नाही, सरांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तिच्या आबाचं नाव खडीच्या मस्टरवर होतं आणि ते खोडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. "न्हाई, सर," ती म्हणाली. "न्हाई समजलं."

दुपारी सरांनी मला एकटीला बोलावलं. चेअरमनसाहेब आणि बाई सोसायटीत जेवायला गेले होते, यादी संध्याकाळी बाईंबरोबर जायची होती. सर खुर्चीत बसले नव्हते, टेबलाला टेकून उभे होते. "मंगल," ते म्हणाले, "सुजाताला तो शब्द येत नाही, हे मला पटत नाही. तू तिच्याशेजारी बसतेस. काय झालं असेल? मला अजून बाईंशी बोलता येईल." सर मला विचारत होते. खरंच विचारत होते, आणि मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आयुष्यात एखाद्याला दुसऱ्यांदा संधी मिळते म्हणतात, ती मला त्याच दुपारी मिळाली होती. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "ती पाठ करती, सर. समजून घेत न्हाई." सरांनी टेबलावरची यादी उचलली. मग 'जा' म्हणाले. त्यांनी ती पद्धत पुढं चालू ठेवली की नाही, ते मला ठाऊक नाही. मी त्यांच्या वर्गात परत बसलेच नाही.

माझी भाचरं मला म्हणतात, आत्या, तू त्या काळात शिकलीस, केवढी जिद्द! सत्कारात, शालीच्या वेळी, कुणीतरी उठून दुष्काळाशी दोन हात वगैरे बोलतं. मी खाली बघून ऐकून घेते. दुष्काळाशी मी काही दोन हात केले नाहीत. मी एका मुलीला बोट दाखवलं. लहान होते, लग्न लावून देणार होते, दुसरा मार्ग नव्हता, ही सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन बघितली आहेत आणि त्यातलं एकही खोटं नाही. पण भाकरी खाताना मला जी चव आली होती ती त्या उत्तरांत कुठं बसत नाही. सुजाताचं पुढं काय झालं, हेही लोक विचारतात, म्हणजे ज्या एक-दोघांना मी हे सांगितलं त्यांनी विचारलं. आठ दिवसांत ती आबाबरोबर खडीवर जायला लागली, एवढं मला माहीत आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही. आमचं गाव काही विलायतेत नाही, बीडहून एसटीनं सकाळी निघालं तर दुपारी परत येता येतं. मी कधी कुणाला विचारलं नाही.

मी बीडला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती आमच्या घरी आली. म्हणजे कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. "मंगे," अशी हाक आली. मोठी माय टँकरवर गेली होती. मी बाहेर आले. तिच्या केसांवर, भुवयांवर खडीची पांढरी भुकटी होती आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. ती भांडायला आली असणार असं मला वाटलं आणि मी तिच्याआधीच तोंड उघडलं. "मला काय म्हाईत तू झाडनार न्हाईस ते. सरांनीच सांगितलंतं, काय बी सांगा म्हनून." तिनं ते ऐकलंच नाही असं केलं.

"तुझं लगीन ठरवलंतं व्हय गं?" ती म्हणाली. "शिरूरकडं. अर्ध्या कोयत्याला."

"कुनी सांगितलं?"

"खडीवर बायका बोलत हुत्या काल." अंगठ्याची चिंधी नीट करत म्हणाली, "मला आदी सांगायचं हुतंस. परीक्षेच्या आदी. म्याच चुकले आसते की. दोन वाक्यं चुकायला काय लागतंय? आबाला म्हनले आसते, न्हाई जमलं. तू गेली आसतीस, आन मला कुनी हसलं बी नसतं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "नुसतं सांगायचं हुतंस, मंगल."

तिनं जे म्हटलं तसं ती वागली असती का, मला सांगता येणार नाही. तिलाही ती जागा हवीच होती. पण मला तिच्या शब्दाबद्दल तेव्हा शंका आली नाही आणि आजही येत नाही. सुट्टी संपली असावी, वरून खडीचा आवाज परत सुरू झाला. ती वळली आणि भरभर चालायला लागली, उशीर झाला तर मस्टरवरचा माणूस खाडा लावायचा. मी आत वळले. मला पेटी भरायची होती.